दातावरचा अर्धा मिलीमीटर : व्हिनीअर बसवण्याआधी आणि बसवल्यानंतर



आजचा विषय दातांवर बसवायच्या व्हिनीअरचा आहे. हा शाळेचा विषय कसा काय, असं तुम्ही म्हणाल. मलाही तसंच वाटलं असतं. पण गेल्या वर्षी माझी एक जुनी विद्यार्थिनी तिच्या आईला घेऊन घरी आली, आणि त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

ही मुलगी नववीत माझ्या वर्गात होती. वडील यवतमाळ जिल्ह्यातले, नोकरीसाठी अंबड एमआयडीसीत आले. ती दहा-अकरा वर्षांची होईपर्यंत तिकडेच वाढली, बोअरच्या पाण्यावर. नाशिकला आली तेव्हा अभ्यासात चांगली होती, पण बोलताना तोंडावर हात धरायची. हसली तरी ओढणी तोंडावर. पुढच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे होते. वर्गातल्या पोरांनी नाव ठेवलं होतं, ते इथे लिहीत नाही. आणि मी काय केलं? स्वच्छतेचा तास चालू असताना भर वर्गात तिला म्हणाले, "अगं, रोज दोनदा दात घासत जा, मग असे दिसणार नाहीत." ती खाली मान घालून बसली. पुढचे कितीतरी दिवस तिने वर्गात हात वर केला नाही.

तिचे दात अस्वच्छ नव्हते. तो फ्लोरोसिस होता. घासून तो जात नाही. हे मला त्या वेळी माहीत नव्हतं, विज्ञान शिकवत असूनसुद्धा.

आता ती एकवीस वर्षांची आहे. लग्न ठरतंय. पाहण्याच्या कार्यक्रमात मुलाकडच्या कुणीतरी दातांवरून काहीतरी बोललं. मग घरच्यांनी एका दवाखान्यात दाखवलं. तिथे दहा दातांना पोर्सेलिन व्हिनीअर बसवा, दोन आठवड्यांत दात मोत्यासारखे, असं सांगितलं. आकडा ऐकून वडील सोसायटीतून कर्ज काढायला निघाले होते. आई मला म्हणाली, "मॅडम, तुम्हीच सांगा हिला, आमचं ऐकत नाही. तिला करायचंच आहे." आणि मुलगी म्हणाली, "मॅडम, मला फक्त एवढंच कळू द्या, नंतर काही त्रास होतो का?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून मी वाचायला घेतलं, दोन डॉक्टरांना विचारलं, तिच्याबरोबर पंचवटीतल्या दंत महाविद्यालयात जाऊन बसले. जे समजलं ते पुढे लिहिते.

आधी एनॅमल

सातवीत पचनसंस्था शिकवताना आपण पटाशीचे दात, सुळे, उपदाढा, दाढा सांगतो आणि दातावर एनॅमल नावाचं कठीण आवरण असतं, एवढं म्हणून पुढे जातो. इथे थोडं थांबायला हवं. एनॅमल हा आपल्या शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, हाडापेक्षाही कठीण. वजनाच्या जवळजवळ ९६ टक्के भाग खनिजाचा, त्याचं नाव हायड्रॉक्सिॲपेटाइट, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेट. पण हाड मोडलं तर जुळतं, कातडी फाटली तर भरून येते. एनॅमल एकदा गेलं की परत तयार होत नाही. ते तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येण्याआधीच आपलं काम संपवून नाहीशा होतात. हे वाक्य मुलांना दोनदा सांगा. आजच्या विषयाचं सगळं गणित त्यावरच आहे.

पुढच्या दाताच्या दर्शनी बाजूला हे आवरण कडेला साधारण एक मिलीमीटर, हिरडीजवळ त्याच्या निम्म्याहूनही कमी. मुलांना कंपासपेटीतली पट्टी काढायला सांगा आणि एक मिलीमीटर दाखवा. मग झेरॉक्सच्या साध्या कागदाचे पाच तुकडे एकावर एक ठेवा. ती जाडी जवळपास अर्धा मिलीमीटर भरते. व्हिनीअर बसवण्यासाठी दाताचा जो थर घासतात तो साधारण ०.३ ते ०.७ मिलीमीटर, म्हणजे तीन ते सात कागद. ऐकायला काहीच नाही. पण मुळात आहे किती, ते पाहिलंत ना?

दुसरा प्रयोग सगळ्यांना माहीत असेल. कच्चं अंडं व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवायचं. कवचावर बुडबुडे येतात आणि दुसऱ्या दिवशी अंडं रबरासारखं मऊ लागतं. अंड्याचं कवच कॅल्शियम कार्बोनेटचं आहे, एनॅमलचं खनिज वेगळं, हे मात्र मुलांना स्पष्ट सांगा, नाहीतर परीक्षेत तसंच लिहून येतात. आम्लाने कॅल्शियमचा क्षार विरघळतो, एवढा मुद्दा दोन्हीकडे सारखा. तोंडातला सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधली खनिजं सुटायला लागतात. कोल्ड्रिंक आणि लिंबू तर त्याच्याही पुष्कळ खाली. त्यामुळे "लिंबू-मीठ लावून दात चमकवा" हा जो उपाय मोबाइलवर फिरतो, तो म्हणजे अंड्याचा प्रयोग स्वतःच्या तोंडात करण्यासारखं आहे.

मग डाग आले कुठून?

सगळे डाग एकसारखे नसतात, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. चहा, तंबाखू, मशेरी, पान यांचे डाग वरून चढतात. दवाखान्यात दात स्वच्छ करून घेतले की बरेचसे निघतात. (मशेरीबद्दल वेगळं लिहायला हवं. दात साफ होतात म्हणून आपल्याकडच्या कितीतरी बायका आजही ती लावतात, ती भाजलेली तंबाखूच असते, आणि घरातली लहान मुलगी आजीचं पाहून बोट बुडवते.) दाताची नस मेली तर एखादाच दात काळपट होतो, बहुधा लहानपणीच्या मारानंतर.

फ्लोरोसिस मात्र दात घडत असतानाच आत शिरतो. मूल साधारण आठ वर्षांचं होईपर्यंत हिरडीखाली कायमच्या दातांचं एनॅमल तयार होत असतं. त्या काळात पाण्यातून जास्त फ्लोराइड गेलं तर एनॅमल नीट भरत नाही, सच्छिद्र राहतं. आधी खडूसारखे पांढरे ठिपके दिसतात, नंतर त्यात रंग मुरतो आणि पट्टे पिवळे, तपकिरी होतात. फारच जास्त असेल तर दाताला खड्डे पडतात. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावं आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या अनेक गावांत बोअरच्या पाण्यात ते याच्याही वर जातं. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटतं आणि ते दाट होतं. तुमच्या शाळेत अशा भागातून आलेली मुलं असतील, किंवा तुमची शाळाच तिथे असेल, तर पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत तपासून घेता येतो.

म्हणजे माझी विद्यार्थिनी नाशिकला आली तोवर तिच्या दातांचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. तिने दिवसातून दहा वेळा ब्रश केला असता तरी फरक पडला नसता, आणि मी तिला ब्रश कर म्हणत होते.

व्हिनीअर म्हणजे काय

हा शब्द सुताराला विचारा, तो लगेच सांगेल. साध्या प्लायवर सागवानाचा पातळ पापुद्रा चिकटवतात, त्याला व्हिनीअर म्हणतात. आत काय आहे ते झाकलं जातं आणि वरून सागवान दिसतो. दाताचंही तसंच. पोर्सेलिनचा, म्हणजे एका प्रकारच्या काचेसारख्या सिरॅमिकचा, नखाएवढा पातळ पापुद्रा दाताच्या फक्त समोरच्या बाजूला चिकटवायचा.

याची सुरुवात सिनेमात झाली. १९२८ च्या सुमारास कॅलिफोर्नियात चार्ल्स पिंकस नावाच्या दंतवैद्याने नटांसाठी असे पापुद्रे तयार केले. ते कवळीच्या चिकट पावडरीने तात्पुरते बसवायचे आणि शूटिंग संपलं की काढून ठेवायचे, कारण कायमचं चिकटेल असं तेव्हा काही नव्हतंच. ती अडचण १९५५ मध्ये मायकल बुओनोकोर यांनी सोडवली. लोखंडावर रंग नीट बसावा म्हणून कारखान्यात पत्रा आधी फॉस्फोरिक आम्लाने धुतात, हे त्यांना माहीत होतं. तेच आम्ल त्यांनी एनॅमलवर थोडा वेळ लावून पाहिलं. पृष्ठभागावर डोळ्याला न दिसणारे खड्डे पडतात आणि त्यात रेझिन घट्ट रुतून बसतं. पुढे १९८० नंतर पोर्सेलिनची आतली बाजूही आम्लाने खरबरीत करायची पद्धत अमेरिकेत सिमनसेन आणि कलामिया यांनी मांडली, आणि आजचं व्हिनीअर तयार झालं. आंतरविद्याशाखीय उदाहरण हवं असतं ना आपल्याला प्रशिक्षणात? पत्र्याच्या रंगापासून दातापर्यंत, यापेक्षा चांगलं मला तरी सापडलेलं नाही.

आता यातून एक गोष्ट आपोआप निघते. ही पकड एनॅमलवर सगळ्यात भक्कम असते. डॉक्टरने जास्त घासलं आणि आतला पिवळसर थर, म्हणजे डेंटिन, उघडं पडलं, तर पकडही कमी आणि ठणकाही जास्त. म्हणून "किती घासणार?" हा प्रश्न रंगाच्या प्रश्नाच्या आधी विचारायचा.

दुसरा प्रकार कॉम्पोझिटचा. तो पांढरा, रेझिनचा, दातावर थेट थर देऊन निळ्या दिव्याने घट्ट करतात. बहुतेक वेळा एकाच बैठकीत होतो, स्वस्त पडतो, दात कमी घासावा लागतो, कधीकधी अजिबात नाही, आणि तुटला तर दुरुस्त होतो. पण डाग धरतो आणि साधारण पाच-सात वर्षांत बदलावा लागतो. पोर्सेलिन नीट सांभाळलं तर दहा-पंधरा वर्षं जातं, काहींचं त्याहूनही जास्त. पण तुटलं की सहसा नवंच करावं लागतं.

आणि एक सावधगिरी. मोबाइलवर टोकदार खुंट्यांसारखे घासलेले दात दाखवतात ना, ते व्हिनीअर नसतं. ती कॅप, म्हणजे क्राउन. तिच्यासाठी दात चहूबाजूंनी कोरतात. किडलेल्या, रूट कॅनाल झालेल्या दाताला कॅप लागते, ते बरोबर आहे. पण नुसत्या रंगासाठी धडधाकट दाताचा खुंट करून घेणं वेगळं. काही ठिकाणी व्हिनीअर म्हणतात आणि कॅप बसवतात. केसपेपरवर नेमकं काय लिहिलंय ते बघून घ्या.

एक गणित

हे मी दहावीच्या पोरांना घातलं होतं. एकविसाव्या वर्षी दहा दातांना पोर्सेलिन व्हिनीअर बसवली. एक व्हिनीअर सरासरी १२ वर्षं टिकतं असं सोयीसाठी धरा. सत्तराव्या वर्षापर्यंत एकूण किती व्हिनीअर लागतील? ४९ भागिले १२, म्हणजे चार वेळा बदल, पहिली दहा धरून पन्नास. एक पोरगा म्हणाला, "मॅडम, मग हप्ता संपतच नाही की!" बरोबर आहे त्याचं. दात एकदा घासला की तो पुन्हा उघडा ठेवता येत नाही. व्हिनीअर हा एकदाच करायचा खर्च नाही, हे मी त्या मुलीच्या वडिलांना याच गणिताने समजावलं. ते फिटर आहेत, मिलीमीटरची भाषा त्यांना आपल्यापेक्षा चांगली कळते. कागदाची जाडी सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

पंचवटीत काय झालं

नाशिकमध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, १९९८ पासून, हे आपल्याला माहीत असतं. पण पंचवटीत महात्मा गांधी विद्यामंदिराचं कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय आहे आणि तिथे बाहेरच्या माणसाला जाऊन दात दाखवता येतात, हे पुष्कळ पालकांना माहीत नसतं. दंत महाविद्यालयांत विद्यार्थी-डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त जातो, खेपा जास्त होतात, खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी असतो. आणि मला महत्त्वाचं वाटलं ते असं की, शिकवायचं असल्यामुळे ते कारण सांगतात. विद्यार्थ्याला सरांनी प्रश्न विचारला की उत्तर आपल्यालाही ऐकायला मिळतं!

तिथे आधी दात स्वच्छ केले, एक्स-रे काढला. मग सांगितलं की दहापैकी बहुतेक दातांवर डाग वरच्या थरातच आहेत, तिथे व्हिनीअरची गरजच नाही. अशा दातांचा अगदी वरचा, केसाहूनही बारीक थर सौम्य आम्ल आणि प्युमिसच्या पेस्टने घासून काढतात, त्याला मायक्रोअब्रेजन म्हणतात. त्यानंतर ब्लीचिंग. दोन मधल्या पटाशीच्या दातांना मात्र खड्डे होते. त्या दोघांना व्हिनीअर, तेही कॉम्पोझिट. लग्नानंतर पुढे कधी वाटलं तर पोर्सेलिन करता येईल, असं म्हणाले.

क्रम महत्त्वाचा आहे. ब्लीचिंग आधी आणि व्हिनीअर नंतर, कारण व्हिनीअरचा रंग ब्लीचने बदलत नाही. बाजूचे दात नंतर पांढरे केले तर व्हिनीअर वेगळंच उठून दिसतं. ब्लीचिंगनंतर लगेच चिकटवलं तर पकड कमी पडते, म्हणून साधारण दोन आठवडे थांबवतात. तिचं लग्न वैशाखात होतं आणि आम्ही गेलो माघात, म्हणून बसलं सगळं. लग्नाच्या आठवड्यात धावपळ करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

पोर्सेलिन असेल तर पद्धत अशी असते. पहिल्या खेपेला रंग ठरवतात, तो दिवसाच्या उजेडात ठरवावा, ट्यूबलाइटखाली नाही. मेणाचा नमुना करून पुढचा आकार आधी दाखवतात. नाही दाखवला तर मागा, तो तुमचा हक्क आहे. मग दात घासून माप घेतात, तात्पुरतं आवरण देतात. लॅबमधून पापुद्रे आले की आधी नुसते लावून बघतात, आणि तुम्ही हो म्हटल्यावरच चिकटवतात. चिकटल्यावर पुन्हा बदल नाही. त्या वेळी आरसा हातात घ्या, बाहेर खिडकीशी जा, आईला दाखवा, लाजू नका.

कुणी थांबावं

अठराच्या आतल्या मुलांना घासून बसवायचं व्हिनीअर शक्यतो नको. त्यांच्या दातातली नस मोठी असते, हिरडी अजून मागे सरकत असते, आज बसवलेली कड उद्या उघडी पडते. दहावीच्या मुलीचा पुढचा दात तुटला असेल तर आत्ता कॉम्पोझिटने भरून घ्यावा, बाकी पुढे बघता येतं. रात्री कराकरा दात खाणारे, हिरड्यांतून रक्त येणारे, किडलेले दात तसेच ठेवलेले, यांनी आधी ते बरं करून घ्यावं. तंबाखू सुटली नसेल तर पैसे गोदावरीत टाकल्यासारखे. दात वाकडे असतील तर ते झाकण्यासाठी घासून घेण्यापेक्षा तारा लावणं बरं. वेळ जातो, पण दात आपलाच राहतो.

डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे असते. नंबर भिंतीवरच्या प्रमाणपत्रावर असतो, तो बघायला कसला संकोच? ब्युटी पार्लरमध्ये किंवा घरी येऊन दात "चिकटवून" देणाऱ्यांकडे जाऊ नका, ते कितीही ओळखीचे असले तरी.

सांभाळायचं कसं

माझ्या एका सहकारी मॅडमची सहा पोर्सेलिन व्हिनीअर आहेत. संक्रांतीला स्टाफरूममध्ये कुणीतरी तिळाची चिक्की आणली. त्यांनी पुढच्या दाताने कडकन तोडली आणि व्हिनीअर चिक्कीतच राहिलं. आम्ही हसलो, मग त्यांचा चेहरा बघून गप्प झालो. त्यांनी ते धुऊन, डबीत घालून दवाखान्यात नेलं. तुटलं नव्हतं, म्हणून पुन्हा चिकटवता आलं. हेच करायचं असतं. घरात फेविक्विक असतं म्हणून ते लावू नका, दात आणि व्हिनीअर दोन्ही जातील.

तर पुढच्या दाताने तोडायचं नाही. चिक्की, ऊस, कणीस, पेरू, बर्फ, सुपारी, सगळं बारीक करून दाढेने खायचं. शिलाईचा दोरा, चिवड्याच्या पाकिटाचा कोपरा, पेनाचं टोपण, यातलं काहीही दातात धरायचं नाही. शिक्षकांना पेन चावायची सवय असते, माझ्यासकट. ब्रश मऊ, पेस्ट साधी फ्लोराइडची. कोळशाची पावडर, खरखरीत दंतमंजन, मीठ, खायचा सोडा यांनी कॉम्पोझिटची चकाकी जाते. दातांच्या फटीत दोरा, म्हणजे फ्लॉस, रोज फिरवायचा, कारण व्हिनीअर किडत नाही पण त्याच्या कडेला दात किडतो, आणि कड कुजली की पापुद्रा सुटतो. लोकांना वाटतं सिरॅमिक बसवलं म्हणजे दाताची काळजी संपली. उलट वाढते.

आता नाशिककरांचा प्रश्न, मिसळ खायची की नाही? खायची. पण कॉम्पोझिटवर हळद आणि तर्रीचा रंग बसतो, विशेषतः पहिल्या दोन-तीन दिवसांत. तेवढे दिवस दूध-भात, मग मिसळ, आणि खाऊन झाल्यावर पाण्याने खळखळून चूळ. पोर्सेलिन स्वतः रंग धरत नाही, पण कडेच्या सिमेंटवर चहाची बारीक रेघ येते. दारू असलेलं माउथवॉश कॉम्पोझिटला चालत नाही. सहा महिन्यांनी तपासणी, आणि दुसऱ्या डॉक्टरकडे दात स्वच्छ करायला गेलात तर व्हिनीअर आहे हे आधी सांगा. त्यांचं मशीन आणि काही आम्लयुक्त फ्लोराइड जेल पोर्सेलिन खराब करतात. रात्री दात खायची सवय असेल तर डॉक्टर पारदर्शक गार्ड देतात, तो झोपताना घालायचा.

मैदानावर दात तुटला तर

हे व्हिनीअरचं नाही, पण इतकं वाचलंत तर हेही वाचा, कारण खो-खो आणि कबड्डी आपल्याच मैदानावर होते. दाताचा तुकडा पडला तर तो शोधून पाण्यात किंवा दुधात टाकून मुलाबरोबर दवाखान्यात द्या. पुष्कळदा तोच तुकडा परत चिकटवता येतो आणि पुढचं सगळं टळतं. कायमचा दात मुळासकट बाहेर आला तर मूळ हाताळायचं नाही, दात वरच्या पांढऱ्या भागाने धरायचा, माती असेल तर काही सेकंद पाण्याखाली धरायचा, घासायचा नाही, आणि जमलं तर लगेच त्याच जागी बसवून रुमाल चावायला द्यायचा. नाही जमलं तर थंड दुधात, आणि तासाच्या आत डॉक्टरकडे. जितकं लवकर तितकं बरं. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो. आमच्या शाळेत आता खेळाच्या दिवशी चहाच्या दुधाची एक पिशवी प्रथमोपचाराच्या पेटीशेजारी असते. शिपाईकाका आधी हसले होते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, त्यात दातही बघतात. मुलांची रांग लावून आपण हजेरी लिहीत बसतो. या वेळी मी पथकाशेजारी उभी राहिले आणि ज्यांच्या दातांवर पट्टे होते त्यांची मूळ गावं लिहून घेतली. पाच मुलं निघाली.

मुलीचं लग्न झालं. फोटोत ती हसते आहे, हात खाली आहेत. दोन महिन्यांपूर्वी येऊन गेली, कॉम्पोझिटच्या एका कडेला चहाचा डाग आलाय म्हणून पॉलिश करून घ्यायला पंचवटीत जायचं होतं. जाताना मी तिला नववीतल्या त्या तासाबद्दल विचारलं, माफी मागितली. म्हणाली, "मॅडम, मला आठवतं. घरी गेल्यावर मी राखेने दात घासले होते, रक्त येईपर्यंत."

या वर्षी अंड्याचा प्रयोग झाल्यावर शेवटच्या बाकावरचा एक मुलगा तास संपल्यावर थांबला. तोंड न उघडताच बोलत होता. त्याच्या वडिलांना फोन केला आहे. येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही तिघं पंचवटीत जाणार आहोत.